कर्ण

हातोडी हलकेच टेकवली, तर आरपार गेली.
वरचा हिरवा रंग शाबूत, गेल्याच वर्षी बाबांनी दिलेला,
आत मात्र लोखंडाची पूड, ओलसर, तांबूस,
चहाच्या गाळासारखी.
चौतीस वर्षं हा ट्रेलर
खाऱ्या पाण्यात कमरेइतका उतरत आला
आणि दर खेपेला थोडासा खाडीतच राहून गेला.

बाबा म्हणाले, "पट्ट्या मारू."
आई म्हणाली, "कशावर मारणार, उबाल्द?"

तिला आता दिसतं ते कडेकडेनं.
मधोमध धुकं, आमच्या सेंट मेरीज बेवर असतं तसं.
मेतेगानच्या गोदीत एकवीस वर्षं वेल्डर होती.
तिची खुर्ची गॅरेजच्या दारात ठेवली,
पायाशी कुत्रा,
आणि मी कापायला घेतलं.

बोट एव्हारिस्तच्या जुन्या टायरांवर टेकवली होती.
बोल्ट एकही फिरला नाही, सगळे ग्राइंडरनं उडवले.
नंबराची पट्टी तेवढी जपून काढली:
सरकारच्या लेखी ट्रेलर म्हणजे ती पट्टी,
बाकी सगळं तिला चिकटलेलं.

"घाई करतेयस," ती दारातून म्हणायची.
नीट चाललेलं वेल्डिंग ऐकू येतं,
तापल्या तव्यावर हॅडॉकचा तुकडा सोडावा
तसं एकसारखं, चर्रर्र.
फटफटलं की फट जास्त.
नुसतं फुसफुसलं की हात लांब.
मी मुखवटा वर करून बघायची,
तिचं बरोबर असायचं.

जुना सांगाडा मोडण्याआधी
खडूनं जमिनीवर उतरवून घेतला होता.
त्याचे समोरासमोरचे कोपरे मोजायला बसलो,
टेपचं दुसरं टोक बाबांच्या हातात.
एक कर्ण दुसऱ्यापेक्षा इंचभर मोठा.
पुन्हा मोजला. इंचभर.
बाबांनी ओठांवर बोट ठेवलं
आणि टेपचा खटका सोडला.

टेप सर्रकन आत गेली.
"किती निघाला?" आईनं विचारलं. "इंच, की सव्वा?"

मग कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत, आमच्याकडे न वळता:
"पहिल्याच दिवशी ठाऊक होतं मला.
नोव्हेंबर होता. पैसे संपलेले, रॉड संपत आलेले,
आणि ही पोटात. सातवा.
त्या कोपऱ्यापर्यंत वाकताच येईना.
नजरेनं अंदाज घेतला आणि टाका मारला."
जरा थांबून म्हणाली,
"तेव्हा नजर चांगली होती."

चौतीस वर्षं बाबा रस्त्याला शिव्या देत आले,
उताराला, वाऱ्याला, नगरपालिकेला,
आधी झिजणाऱ्या त्या एका टायरला.
ट्रेलर डावीकडे ओढतो म्हणून
स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून ठेवत आले.
आणि त्या इंचाच्या जागी
मी होते, पाय दुमडून.

बाबा काहीच बोलले नाहीत.
कुत्र्याला उगाच म्हणाले, "सरक."

नवा सांगाडा गुण्यात बसवला,
दोन्ही कर्ण सारखे, सूतभरही फरक नाही.
डार्टमथला नेऊन जस्ताच्या कढईत बुडवून आणला.
भंगारवाल्यानं जुना तोलला, बावीस डॉलर दिले,
बाबांनी ते मोजून आईच्या हातात ठेवले.
"मजुरी," म्हणाले.

जूनमध्ये भरती गाठून निघालो.
चर्चपासून धक्क्याकडे जाणारा तो उतार,
आई पुढे बाबांच्या शेजारी, मी मागे.
ट्रेलर मागून रुळावरून यावा तसा सरळ येत होता.
बाबांचा हात मात्र, सवयीचा,
तसूभर उजवीकडेच.
चाक रानगुलाबांत शिरलं,
काटे पत्र्यावरून लांबवर करकरत गेले.

आईनं मान कलती करून ऐकलं.
"हा आवाज नवा आहे," म्हणाली.

बाबांनी रिव्हर्स टाकला.